लास्ट क्रुसेडचा जुना गेम : काही महिने वापरून, आणि मुख्यतः डायरीबद्दल

घेणार असाल तर आधी एकच गोष्ट बघा, सोबत डायरी मिळतेय की नाही. मिळत नसेल तर सेलमध्ये फुकट दिला तरी घाई करू नका. बाकीचं सवडीने वाचा.

गेम कोणता ते तुम्हाला माहीत असणारच. १९८९ सालचा, लुकासफिल्म गेम्सचा, स्क्रीनच्या खालच्या भागात 'पुश', 'पुल', 'गिव्ह', 'टॉक' असा क्रियापदांचा तक्ता असलेला, 'इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड' या चित्रपटावरचा कोड्यांचा गेम. त्याच वर्षी त्याच चित्रपटावर त्याच नावाचा मारामारीचा 'अ‍ॅक्शन गेम'ही निघाला होता. तो वेगळा, त्याच्या वाटेला जाऊ नका. (आपल्याकडे इंडियाना जोन्स म्हटलं की अजून अमरीश पुरीच आठवतात. तो त्याच्या आधीचा, १९८४चा चित्रपट. याच्यात बाप-लेक, व्हेनिस, नाझी आणि ख्रिस्ताचा पेला.)

मी एका ऑनलाइन दुकानातून सेलमध्ये घेतला, दोनशेच्या आत. उतरला झटकन, चालूही झाला. बार्नेट कॉलेज, टपालाच्या ढिगाखालचं पुडकं, दाराबाहेर ताटकळलेले विद्यार्थी आणि खिडकीतून पळ काढणारे प्रोफेसर जोन्स. सगळं जसंच्या तसं. त्याच उत्साहात पाच तारे देऊन मोकळा होणार होतो. मग फोल्डर उघडून डायरी शोधायला लागलो, आणि डायरी नाही.

ज्यांच्याकडे त्या काळी खोका होता त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. ज्यांच्याकडे आमच्यासारख्या नुसत्या फ्लॉप्या होत्या त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. चित्रपटात हेन्री जोन्सने, म्हणजे इंडीच्या वडिलांनी, आयुष्यभर त्या पेल्यावर टिपणं काढलेली असतात, ती डायरी. गेमवाल्यांनी ती डायरी खरोखरची छापली आणि खोक्यात घातली. हस्ताक्षरासारखा मजकूर, अधेमधे रेखाचित्रं. आणि ती शोभेची नव्हती. शेवटच्या खोलीत इंडीसमोर पेल्यांची रांग मांडलेली असते आणि त्यातला एकच खरा. कुठला खरा हे त्या खोलीत कळत नाही. वाटेत मिळालेल्या खुणा आणि छापील डायरीतली निरनिराळ्या पेल्यांची वर्णनं एकमेकांशी ताडून पाहायची, मग हात घालायचा. चुकलात तर चित्रपटात त्या लोभी माणसाचं होतं तेच तुमचं. नक्कल करून खेळणाऱ्यांना शेवटाला अडवायची याहून सभ्य युक्ती मी पाहिलेली नाही.

आमच्याकडे डोंबिवलीला वडिलांनी लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून जुळवलेला ३८६ संगणक होता. मावसभावाने कुणाकडून तरी फ्लॉप्यांचा गठ्ठा आणला. फ्लॉपीची कॉपी निघायची, डायरीची झेरॉक्स कुणी काढली नव्हती. त्यामुळे अशी काही डायरी छापलेली आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. खेळता खेळता कसेबसे शेवटच्या खोलीपर्यंत पोचलो. तोवर चित्रपट केबलवर लागून गेला होता, आणि मावसभाऊ ठामपणे म्हणाला, "सुताराचा पेला असतो. साधा दिसतो तो घे." चित्रपटात उत्तर तेच आहे. गेममध्ये साधा दिसणारा घेतला आणि इंडीची राख झाली. मग सेव्ह, लोड, पुढचा पेला, सेव्ह, लोड, असं करत एकदाचा बरोबर लागला. फ्लॉपीच्या लेबलवर पेनाने लिहून ठेवलं: 'डावीकडून चौथा'. सुट्टीत पुन्हा सुरुवातीपासून खेळलो, डावीकडून चौथा घेतला, पुन्हा राख. खरा पेला प्रत्येक नव्या खेळात बदलतो हे आम्हाला कोण सांगणार? गेम बिघडलाय, फ्लॉपीला बुरशी आलीय, असं ठरवून आम्ही प्रिन्स ऑफ पर्शियाकडे वळलो.

तेव्हा मला डायरी हवी होती ती या हिशेबासाठी. दुकानाच्या पानावर 'मॅन्युअल समाविष्ट' असं लिहिलेलं. उतरवलं तर मॅन्युअलमध्ये कुठलं बटण दाबल्यावर काय होतं एवढंच. ग्राहक सेवेला लिहिलं. उत्तर आलं: गेम काढून पुन्हा टाका आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. १९८९च्या गेमला ग्राफिक्स ड्रायव्हर! पुन्हा लिहिलं, की गेम उत्तम चालतोय, मला एक पुस्तक हवंय. उत्तर आलं: आम्ही पुस्तकं विकत नाही. तिसऱ्यांदा चित्रपट, हेन्री जोन्स, पेला असं सगळं साग्रसंगीत लिहिलं, तेव्हा कुणीतरी माणूस जागा झाला असावा, कारण एक लिंक आली. तिच्यात डायरीची पीडीएफ. पानं आडवी, दोन-दोन एकत्र स्कॅन केलेली, मागचा कागद चहा सांडल्यासारखा तपकिरी. तरी होती.

आता पीडीएफ मिळाली तर प्रश्न संपला, असं मलाही वाटलं होतं. नाही संपत. खिडक्यांमध्ये मागे-पुढे उड्या मारत हा गेम खेळता येत नाही. एका हाताने माउस, दुसऱ्याने पानं चाळणं, ही मूळची बैठक आहे. फोनवर उघडून पाहिली, दोन बोटांनी मोठी करत करत ओळीच्या शेवटापर्यंत जायचं, तोवर सुरुवात विसरायला होतं. शेवटी झेरॉक्सच्या दुकानात गेलो. रंगीत प्रिंटचा भाव ऐकून काळी-पांढरी काढली, तर तपकिरी कागदाचा सगळा काळा डाग उतरला, अक्षर दिसेना. दुकानातला मुलगा हुशार. त्याने मशीनवर गडदपणा अगदी खाली आणला, पान थोडं मोठं केलं, एक नमुना काढून उजेडात धरला आणि म्हणाला, "काका, आता चित्राच्या रेघा जरा फिक्या येतील, पण वाचता येईल." वाचता येतंय. वर स्पायरल बाइंडिंग केलं आणि प्लास्टिकचं कव्हर लावलं. गेमपेक्षा डायरी महाग पडली, हे इथे नमूद करून ठेवतो.

माझी मुलगी आठवीत आहे. तिला हे प्रकरण कंटाळवाणं वाटेल असं धरून मी एकटाच खेळत होतो. तिने टेबलावरची स्पायरल उचलली, चाळली आणि गेममधल्या कुठल्या खुणा मिळाल्यात ते मलाच विचारायला लागली. शेवटच्या खोलीत तिने वर्णनं एकेक करून खोडली. हा चमकतो म्हणतात, आपल्याला मिळालेल्या खुणेत तसं नाही, हा गेला. याचा आकार जुळत नाही, हाही गेला. उरलेला उचलला. इंडी जिवंत. लेबलवरच्या 'डावीकडून चौथा'ची गोष्ट मी तिला सांगितली तर म्हणाली, "म्हणजे बाबा, तू पाठांतर केलंस." एवढं बोलून क्लासला निघून गेली.

डायरीशिवायही या गेमला बाकी अंगं आहेत हे मान्य करून त्यांच्याकडे वळतो.

नोआ फाल्स्टीन, डेव्हिड फॉक्स आणि रॉन गिल्बर्ट या तिघांनी केलेला हा गेम. त्यांनी एक गोष्ट अशी केली जी आजच्या भल्याभल्या गेमना जमत नाही: एका अडचणीला अनेक वाटा. ब्रुनवाल्ड किल्ल्यातल्या पहारेकऱ्याला थाप मारून गुंडाळा, काहीतरी देऊन खूश करा, नाहीतर ठोसे मारा. बर्लिनमध्ये खुद्द हिटलर समोर येतो आणि तुम्ही जे पुढे कराल त्यावर सही ठोकतो. चित्रपटात डायरीवर करतो. गेममध्ये कोरा प्रवास-परवाना पुढे केला तर पुढच्या चौक्यांवर मुकाट सोडतात. व्हेनिसच्या वाचनालयातून त्याचंच आत्मचरित्र उचलून आणलं असेल तर त्यावर सही घेऊन ते एखाद्या पहारेकऱ्याला भेट द्यायचं. याच वाचनालयात विमान चालवायचं पुस्तक सापडलं असेल तर झेपेलिन या हवाई जहाजातल्या शिड्यांचं भूलभुलैया प्रकरण अख्खं टाळता येतं. प्रत्येक वाटेला गुण आहेत, 'इंडी क्वोशंट' म्हणून, एकूण ८००. ते एका खेळात कधीच पुरे होत नाहीत, कारण ठोसा मारला की थापेचे गुण गेले. म्हणून एक बेरीज त्या खेळाची आणि दुसरी आजवरच्या सगळ्या खेळांची. पैसे वसूल करणाऱ्या माणसाला याहून काय हवं!

वाचनालयाबद्दल मत बदललं, तेही लिहितो. पहिल्या फेरीत शिव्या घातल्या होत्या. कपाटांमागून कपाटं, त्यात पुस्तकांची ढिगाने नावं, कामाची तीन: नकाशांचं, विमानाचं आणि ते आत्मचरित्र. बाकी सगळी विनोदापुरती. पण दुसऱ्या फेरीत, कुठलं कपाट कुठे आहे हे थोडं ध्यानात आल्यावर, पुढचं कोडं पुन्हा खेळावंसं वाटलं. रंगीत काचेच्या खिडकीतलं चित्र डायरीशी ताडायचं, कोरलेल्या मजकुरावरून रोमन आकडा काढायचा, तो आकडा फरशीवर शोधायचा आणि लाल दोरीचा अडसर धरून ठेवणारा धातूचा खांब उचलून फरशी फोडायची. खाली भुयारात चिखलात रुतलेली मशाल निघत नाही. ती काढायला बाहेरच्या उपाहारगृहातली वाइनची बाटली आणून कारंज्याच्या पाण्याने भरलेली असावी लागते. हे पाणी आम्ही त्या काळी किती दिवस शोधत होतो ते विचारू नका. त्या वयात वाइनच्या बाटलीत पाणी भरायचं सुचणार कसं? घरात बाटल्या होत्या त्या खोबरेल तेलाच्या.

आता मारामारी. यासाठी मात्र मी आजही एक तारा कापतो. ठोसे मारायला अंकांचं चौकोनी कीपॅड लागतं: वरची रांग डोक्यावर, मधली पोटात, खालची त्याखाली, काही अंक मारायचे, काही अडवायचे. सुरुवातीलाच कॉलेजात बॉक्सिंगचे मास्तर सराव देतात, तो करून घ्या. पण लॅपटॉपला ते कीपॅडच नसेल तर? वरच्या ओळीतले आकडे एका सरळ रांगेत. डोकं कुठलं आणि पोट कुठलं याचा त्यात काही पत्ता लागत नाही. शेवटी जोडायचं वेगळं कीपॅड घेतलं, सगळ्यात स्वस्त होतं ते. त्याचं पाचचं बटण अडकतं आणि किल्ल्यातला कुणीही सोम्यागोम्या शिपाई मला लोळवतो. त्यामुळे माझा इंडी हल्ली फक्त थापा मारतो. तो जास्त शोभून दिसतो, हे आपलं माझं मत.

रंगांबद्दल थोडक्यात. विकत मिळते ती आवृत्ती २५६ रंगांची. आम्ही १६ रंगांत खेळलो होतो, तेव्हा आकाश म्हणजे आकाशी ठिपके. नव्या रंगांत व्हेनिस सुरेख दिसतं, पण भुयारं १६ रंगांतच जास्त भीतिदायक होती. आवाजाचं म्हणाल तर जुन्या संगणकाच्या पोटातली पिपाणी आता नाही. तिची आठवणही नको.

मी आता हा गेम टॅब्लेटवर स्कमव्हीएममध्ये टाकलाय. २००१पासून चाललेला, फुकट आणि खुला प्रकल्प. जुन्या गेमच्या मूळ फाइली तुमच्याकडे असल्या की तो त्या जवळपास कशावरही चालवतो. गेम एकदा विकत घेतला, आता फाइली माझ्या, दुकान राहो न राहो. बोटाने क्रियापद दाबायचं आणि मांडीवर स्पायरल. मारामारी आली की मात्र टॅब्लेट ठेवायचा आणि लॅपटॉप उघडायचा.

घ्यावा का? कोडी आवडत असतील, चित्रपट पाहिलेला असेल आणि इंडी मेल्यावर पुन्हा लोड करायचा कंटाळा नसेल, तर नक्की घ्या. सेव्ह मात्र सारखं करत राहा, हा गेम तुम्हाला आनंदाने मरू देतो. शेवटच्या तीन परीक्षा चित्रपटाच्या आठवणीवर सुटतात, पेल्याचं तसं नाही, हे वर सांगितलंच. घरात लहान मूल असेल तर डायरी त्याच्या हातात द्या आणि माउस तुमच्याकडे ठेवा.

चार तारे. दुकानाला एक. बाइंडिंगचे आणि प्रिंटचे पैसे मी पावतीसकट त्यांच्याकडे मागितले आहेत. काल उत्तर आलंय की गेम काढून पुन्हा टाकून पाहा.