हेरेसीचे कर्णे, दोन सबवूफर आणि सोळा बाय अकराची खोली

पुण्यातल्या आमच्या घरातील एक खोली गेल्या वर्षी केवळ गाणे ऐकण्यासाठी मोकळी झाली. तिची लांबी १६ फूट, रुंदी ११ फूट आणि उंची साडेनऊ फूट आहे. तिच्यात क्लिप्श कंपनीच्या हेरेसी ४ या स्पीकरची जोडी आणि बंद पेटीचे, १२ इंची असे दोन सबवूफर, म्हणजे फक्त सर्वांत खालचे स्वर वाजवणाऱ्या पेट्या, आहेत. आठ-नऊ महिने रोज ऐकल्यानंतर या संचाविषयी लिहितो आहे, कारण खरेदीच्या वेळी मला जे सांगण्यात आले आणि नंतर प्रत्यक्ष जे करावे लागले, त्यांत बरेच अंतर होते. मुख्य म्हणजे या संचातला सर्वांत मोठा फरक मला पैसे मोजून मिळाला नाही, तो सोफा तीन फूट मागे सरकवल्याने मिळाला.

कर्णा आपल्याला नवा नाही. आजोबांच्या काळातील ग्रामोफोनला तो होता आणि गावच्या देवळावरही होता. तोंडाभोवती दोन्ही हातांचा पेला करून हाक मारली की ती लांबवर पोहोचते, त्यामागेही हेच तत्त्व आहे. स्पीकरच्या पडद्याची लहानशी पण जोरकस हालचाल मोकळ्या हवेला नीट पकडत नाही. हळूहळू रुंद होत जाणारी नळी त्या दोघांची सांगड घालते आणि मग थोड्या विजेत पुष्कळ आवाज निघतो. हेरेसी ४ ची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेत तो किती जोराने वाजतो ते माप, ९९ डेसिबल सांगितली जाते. ८७ डेसिबलचा एखादा सर्वसाधारण स्पीकर तेवढ्याच जोराने वाजवायचा झाल्यास जवळजवळ सोळापट शक्ती लागेल. शक्तीची ही बचत मला दुय्यम वाटते. खरी मिळकत अशी, की त्याच आवाजासाठी पडद्याला फारच कमी हलावे लागते आणि त्यामुळे आवाजात विकृती कमी येते. तबल्याच्या चाटीवर बोट पडते त्या क्षणीचा टणत्कार आणि त्यामागून येणारी आस या दोन गोष्टी वेगवेगळ्या ऐकू येणे म्हणजे काय, हे मला या स्पीकरवर पहिल्यांदा कळले.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करायला हवी. हेरेसी हा पूर्णपणे कर्ण्याचा स्पीकर नाही. त्याचे मधले आणि वरचे स्वर कर्ण्यातून येतात, पण सुमारे ८५० हर्ट्झच्या (सेकंदाला ८५० कंपनांच्या) खालचे सारे काम १२ इंची वूफर, म्हणजे खालच्या स्वरांचा पडदा, कर्ण्याविनाच करतो. पॉल विल्बर क्लिप्श यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या होप या गावी कंपनी सुरू केली ती क्लिप्शहॉर्न या कोपऱ्यात ठेवण्याच्या स्पीकरसाठी, आणि त्यात खर्जसुद्धा घडी घातलेल्या कर्ण्यातूनच येतो. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटर असते. तिला पुरेल एवढ्या तोंडाचा कर्णा घरात मावणार नाही, म्हणून त्यांनी खोलीच्या दोन भिंती आणि जमीन यांनाच कर्ण्याचा पुढचा भाग बनवले. खर्जही कर्ण्यातूनच यावा असे मानणाऱ्या माणसाने १९५७ मध्ये कोपऱ्याविना उभा राहणारा, साध्या वूफरचा लहान स्पीकर काढला, तेव्हा हे तर धर्मद्रोहच झाले असे कोणीतरी त्यांना म्हणाले, आणि हेरेसी (इंग्रजीत धर्मद्रोह) हे नाव तिथून आले.

मी क्लिप्शहॉर्न घेतला नाही याचे एक कारण किंमत आणि दुसरे कारण कोपरे. त्याला एकाच भिंतीचे दोन्ही कोपरे मोकळे लागतात. आपल्याकडच्या सदनिकांत एका कोपऱ्यात दार असते आणि दुसऱ्यात गच्चीची सरकती काच, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहून घ्यावे. त्याच कंपनीचा, १९६३ पासून निघणारा ला स्काला हा कोपऱ्याशिवाय चालतो आणि त्याचा खर्जही कर्ण्यातूनच येतो, पण तो कर्णा ५० हर्ट्झच्या आसपास दम टाकतो. हेरेसी ४ ला पाठीमागे छिद्र दिल्यामुळे तो ४८ हर्ट्झपर्यंत उतरतो, तर त्याआधीचा बंद पेटीचा हेरेसी ३ हा ५८ पर्यंतच उतरत असे. म्हणजे मोठा ला स्काला घेतला असता तरी सबवूफरची गरज टळली नसती.

आता मांडणीविषयी. दुकानाकडून आलेल्या तंत्रज्ञाने सबवूफर समोरच्या उजव्या कोपऱ्यात ठेवला, कारण विजेचे बटण तिथे होते. आवाजाची खुंटी अर्ध्यावर आणून त्याने एका चित्रपटातला स्फोट वाजवून दाखवला, घर हादरले आणि काम झाले म्हणून तो निघून गेला. त्या रात्री पुरुष गायकाची एक मैफल लावली तेव्हा तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेवर बोट पडले की खोली फुगल्यासारखी होत होती आणि डग्ग्याचा घुमारा मात्र कुठल्या कुठे गेला होता. मला आधी वाटले, सबवूफरच वाईट.

दोष गणिताचा होता आणि ते गणित कोणालाही करता येते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागले की त्या दिशेतली पहिली घुमणारी वारंवारिता मिळते. माझ्या खोलीच्या लांबीची ती सुमारे ३५ हर्ट्झ येते, रुंदीची ५१ आणि उंचीची ५९. लांबीची दुसरी येते ७० हर्ट्झ. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यावर खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या जवळ असते. माझा सोफा खोलीच्या बरोबर मध्यावर, दोन्ही भिंतींपासून आठ-आठ फुटांवर होता. तिथे ७० हर्ट्झचा दाब सर्वांत जास्त आणि ३५ हर्ट्झचा जवळजवळ शून्य. खर्जाची तार फुगत होती ती यामुळे, आणि सबवूफरकडून ज्या खोल भागाची अपेक्षा होती त्याचा तळ गायब होता तोही यामुळेच. सोफा मागच्या भिंतीपासून पाच फुटांवर नेला. फुगवटा ओसरला, तळ भरून आला. त्या संध्याकाळी तीच मैफल पुन्हा लावली आणि तार छेडल्यावर प्रथमच स्वर आणि त्यातली जवारी ऐकू आली, खोली ऐकू आली नाही.

सबवूफरची जागा शोधण्याची जुनी रीत अशी, की सबवूफरच उचलून बसण्याच्या जागी ठेवायचा, त्यावर खालचे स्वर वाजवायचे आणि आपण भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरून कान जमिनीजवळ ठेवून ऐकायचे. जिथे स्वर सारखे येतात, तिथे सबवूफर ठेवायचा. मी फिरत होतो आणि पत्नी वहीत नोंदी करीत होती. कोपऱ्यांत प्रत्येक स्वर मोठा आणि असमान होता. समोरच्या भिंतीच्या मध्याशी आल्यावर ५१ हर्ट्झची रुंदीची घुम एकदम बसली, कारण तो बिंदू तिच्या दृष्टीने शून्याचा आहे. हार्मन कंपनीचे संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर फार उपयोगी ठरतात असे दाखवले होते. म्हणून दुसरा सबवूफर घेतला आणि मागच्या भिंतीच्या मध्याशी, सोफ्याच्या पाठीमागे ठेवला. दोघे सारख्याच पातळीवर आणि एकाच कलेत (फेजमध्ये, म्हणजे दोघांचे पडदे एकाच वेळी पुढे-मागे होत) वाजले की लांबीची ३५ हर्ट्झची घुम एकमेकांना छेद देऊन बसते. एक मोठा सबवूफर घ्यावा की दोन मध्यम, असे कोणी विचारले तर मी न अडखळता दोन म्हणेन.

स्पीकर आखूड भिंतीशी, एकमेकांपासून साडेसात फुटांवर आहेत आणि पाठीमागच्या छिद्राला श्वास मिळावा म्हणून भिंतीपासून वीतभर पुढे आहेत. कर्ण्याचा आवाज पसरण्याऐवजी समोर जास्त जातो. आपल्या गुळगुळीत फरशीच्या आणि प्लास्टरच्या खोल्यांत हा मोठा लाभ आहे, कारण बाजूच्या भिंतींवर आदळून परत येणारा आवाज कमी होतो. पण त्याच कारणाने दिशेची हयगय इथे चालत नाही. स्पीकर सरळ समोर पाहत असताना स्त्री गायिकेचा तार षड्ज मला टोचत होता. दोन्ही आत वळवले, इतके की त्यांच्या रेषा माझ्या डोक्याच्या फूटभर मागे मिळाव्यात, तेव्हा आवाज मऊ झाला आणि गायिका दोघांच्या मधोमध येऊन बसली. सोफ्यासमोर जाड सतरंजी अंथरल्यावर उरलेली किरकिर गेली. हेरेसी जेमतेम दोन फूट उंच असतो आणि तिरक्या पाटावर वर पाहत उभा असतो. सोफ्यावर बसून तो चांगला वाटतो, पण गादी घालून भारतीय बैठकीत ऐकले तर कान आणि कर्णा यांचा मेळ अधिक छान जमतो. आपल्या संगीताला ही बैठक शोभतेही.

जुळवणीला सर्वांत जास्त वेळ लागला. हेरेसीला मी पूर्ण आवाज जाऊ दिला आणि सबवूफरमधून सुमारे ५५ हर्ट्झच्या वरचे स्वर झपाट्याने छाटले. ८० हर्ट्झ ही नेहमी सांगितली जाणारी खूण या खोलीत मला मानवली नाही, कारण ७० हर्ट्झला खतपाणी घालणारा आणखी एक जण मला नको होता. कला जुळवण्यासाठी ५५ हर्ट्झचा स्वर सतत वाजवून सबवूफरची जोडणी मुद्दाम उलटी केली, आवाज सर्वांत कमी होईल असा कलेच्या खुंटीचा बिंदू शोधला आणि मग जोडणी पुन्हा सुलटी केली. सर्वांत मोठा आवाज कानाने हेरणे अवघड असते, सर्वांत खोल खड्डा मात्र लगेच कळतो. नंतर मोजमापाचा माइक आणि रूम ईक्यू विझार्ड ही मोफत संगणक प्रणाली वापरून पडताळले. ४२ हर्ट्झजवळ एक अरुंद उंचवटा उरला होता, तो सबवूफरमध्येच असलेल्या स्वर-सुधारणेच्या (ईक्यू) सोयीने कापला. खड्डे भरून काढायचा प्रयत्न केला नाही, तो करूही नये. तिथे कितीही शक्ती ओतली तरी खोली ती गिळते.

कर्ण्याच्या स्पीकरबरोबर सबवूफर जोडताना दोन अडचणी हमखास येतात आणि त्या मला कोणी आधी सांगितल्या नव्हत्या. पहिली अशी, की संवेदनशीलता जास्त असल्यामुळे अॅम्प्लिफायरची खुंटी अगदी खाली राहते, मग सबवूफरकडे जाणारा संकेतही क्षीण असतो. त्याची पातळी अनपेक्षितपणे वर ठेवावी लागते, आणि रात्री हळू आवाजात ऐकताना स्वयंचलित जाग येण्याची सोय असलेला सबवूफर जागाच होत नाही. मी ती सोय बंद करून तो कायम चालू ठेवतो. दुसरी म्हणजे गुणगुण. मागचा सबवूफर दुसऱ्या भिंतीवरच्या बटणाला जोडला होता, त्यामुळे ५० हर्ट्झची बारीक पण सतत गुणगुण येत असे. सगळा संच एकाच बोर्डावर आणल्यावर ती थांबली. यावर उपाय म्हणून प्लगची तिसरी पिन तोडणारे लोक मी पाहिले आहेत. ते जिवावर बेतू शकते. अर्थिंग तपासून घ्यावे, तोडू नये.

सबवूफर किती वाजावा हे मी शेवटी डग्ग्यावर ठरवले. तळहाताच्या मुळाने घिस्सा काढला की स्वर खालून वर सरकतो. तो सरकताना एकाच वस्तूतून आल्यासारखा वाटला पाहिजे. जरा जास्त झाले तर डग्गा तबल्यापासून सुटून जमिनीवर पडल्यासारखा वाटतो, जरा कमी झाले तर तो पत्र्याचा होतो. ढोलकीच्या फडात ही परीक्षा आणखी कडक होते. योग्य पातळी सापडली तेव्हा सबवूफर वाजत आहेत हेच कळेना, बंद केले तेव्हा मात्र मैफलीचा मंडप निघून गेला आणि गायक एका कोरड्या खोलीत उभा राहिला.

खालच्या मजल्यावरच्या काकांना विचारून घेतले. कोपऱ्यात एकच सबवूफर होता तेव्हा त्यांच्या कपाटाच्या काचा वाजत. आता दोन आहेत, पण प्रत्येक जण निम्म्याने वाजतो आणि घुमत नाही, त्यामुळे तक्रार राहिली नाही. रबरी पायांनी थोडा फरक पडला, पण खर्ज हवेतूनही जातो, त्याला रबर अडवत नाही. रात्री दहानंतर मी दोन्ही बंद करतो आणि नुसता हेरेसी ऐकतो, तोही त्या आवाजात फार सुंदर वाटतो.

खर्च मोठा आहे, आणि ज्यांना खोलीत एक फूटही इकडचा तिकडे करता येणार नाही त्यांनी तो करू नये असे माझे मत आहे. ज्यांना सोफा हलवता येतो, त्यांनी घेण्यापूर्वी टेप घेऊन खोली मोजावी आणि भागाकार करून पाहावा. माझ्याकडे एक प्रश्न अजून शिल्लक आहे. सोफ्याच्या दोन्ही टोकांना, भिंतींजवळ, हेरेसीतून निघणारा ५१ हर्ट्झ अजून जाड वाटतो. बाजूच्या भिंतींवर काय करता येईल ते पाहतो आहे, तोवर कोणी ऐकायला आले की मधली जागा त्यांना देतो.