पिल्लाचं कुरतडणं आणि काँगचं रबरी खेळणं : काही महिन्यांच्या वापरानंतर

जानेवारीत सोसायटीच्या पार्किंगमधून चिंगीला वर आणलं तेव्हा ती जेमतेम अडीच महिन्यांची होती. देशी कुत्री, तांबूस रंगाची, पुढचे दोन्ही पंजे पांढरे. पहिला आठवडा नुसती झोपली. दुसऱ्या आठवड्यात बाबांची कोल्हापुरी चप्पल गेली, मग चादरीचं टोक, मग चार्जरची वायर. एका दुपारी स्वयंपाकघरात बारीक करकर ऐकू आली म्हणून वाकून बघितलं, तर डायनिंग टेबलाचा पाय लाळेने ओला झालेला आणि त्यावर दातांच्या खाचाच खाचा.

वायर चावली तेव्हा बटण बंद होतं म्हणून निभावलं. दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावून खालच्या सगळ्या वायरी प्लास्टिकच्या पट्टीत घालून घेतल्या. घरात पिल्लू येणार असेल तर ते यायच्या आधी एवढं कराच. बाकी सगळं नंतर शिकता येतं.

काँग घेण्याआधी आम्ही बरंच काही आणून पाहिलं. पहिली आणली दोरीची गाठ. आठवडाभरात तिचे धागे सुटले आणि एके सकाळी चिंगीच्या शीमध्ये दिसले. डॉक्टर म्हणाले, लांब धागा पोटात गेला तर आतडी गोळा होऊ शकतात, आणि मागून धागा लोंबताना दिसला तरी आपण ओढायचा नाही, सरळ दवाखान्यात आणायचं. दोरी त्याच दिवशी कचऱ्यात गेली. मग नायलॉनचं हाड. ते इतकं कडक की हातात घेतल्यावर मलाच भीती वाटली. डॉक्टरांनी तेव्हा एक साधी परीक्षा सांगितली : वस्तूवर अंगठ्याचं नख दाबायचं, नख जरासुद्धा रुतलं नाही तर ती दातांना नको. कडक वस्तूंनी दाढेचा टवका उडतो, तो बहुतेक वेळा वरच्या मोठ्या दाढेचा. शिजवलेली हाडं तर मुळीच नाहीत, त्यांच्या अणकुचीदार फाका होतात. फर्निचरवर मारायचा कडू फवाराही आणला होता. चिंगीने तो दोन दिवस मानला, तिसऱ्या दिवशी चाटून साफ केला.

फेब्रुवारीच्या शेवटी काँग घेतलं, पिल्लांसाठीचं मऊ रबराचं. हजाराला थोडे कमी पडले. एवढ्याशा रबराला एवढे पैसे, असं तेव्हा वाटलं होतं, आता वाटत नाही. या खेळण्याचा उगम मला फार आवडला. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवून घेत असे. मार्कहॅम फोक्सवॅगन गाडीचं काम करत असताना फ्रिट्झने सस्पेन्शनचा, म्हणजे गाडीचे धक्के झेलणाऱ्या भागाचा, एक रबरी तुकडा पळवला आणि दगड सोडून तोच चावायला लागला. १९७० च्या दशकातली ही गोष्ट. खेळण्याचा तीन गोळे एकावर एक ठेवल्यासारखा आकार त्या तुकड्यावरूनच आलेला आहे.

आत पोकळी आहे आणि दोन्ही टोकांना भोकं आहेत. दुसरं भोक महत्त्वाचं. एकच भोक असलेल्या पोकळ खेळण्यात चाटता चाटता हवा खेचली जाऊन जीभ अडकू शकते. दुसऱ्या कुठल्या कंपनीचं घेतलंत तरी दोन भोकं आहेत ना, ते बघून घ्या.

एक गोष्ट मात्र मला दोन आठवडे कळली नाही. रिकामं काँग चिंगीने हुंगलं आणि सोडून दिलं. ते भरून द्यावं लागतं, आणि वेळ साधून द्यावं लागतं. मी चार दिवस वहीत टिपून ठेवलं, तेव्हा दिसलं की ती ठरावीक वेळीच कुरतडते : सकाळी आम्ही आवरायच्या गडबडीत असतो तेव्हा आणि संध्याकाळी सात-साडेसातला. म्हणून आता त्या वेळेच्या दहा मिनिटं आधीच काँग तिच्यासमोर असतं. टेबल धरल्यावर दिलं, तर टेबल चावलं की खाऊ मिळतो असं ती शिकेल.

भरायला आमच्याकडे बिनमिठाचा दहीभात, उकडलेला लाल भोपळा, कधी कुस्करलेलं अंडं, आणि भिजवलेले तिच्या रोजच्या डॉगफूडचे दाणे. सुरुवातीला मी मऊ भरत असे, ते पाच मिनिटांत संपायचं. रात्री फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी द्यायला लागल्यापासून अर्धा तास सहज जातो. शेंगदाण्याचं बटर घालणार असाल तर डबीवरचे घटक वाचा. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर ते कुत्र्यांना विषारी आहे. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट यांतलं काहीही नको. आत घातलेलं खाणं रोजच्या वाटीतून तेवढंच कमी करा.

मार्चमध्ये तिने काहीही धरून चावायला सुरुवात केली तेव्हा आई म्हणाली, "अगं, हिरड्या शिवशिवत असतील तिच्या. बाळांना दात येताना खारीक देतो ना आपण, तसं काहीतरी दे." खारकेतली बी घशात अडकायची भीती, म्हणून मी जाडसर गाजर गार करून दिलं आणि ते फार आवडलं. आईचं निदान बरोबर होतं. पिल्लांचे दुधाचे २८ दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. एका रात्री काँग धुताना आतल्या कडेला काहीतरी खडखडलं. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, टोकदार, आतून पोकळ असा दात होता, मुळाशी गुलाबी ठिपका. आईने तो कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवलाय.

धुण्याचं काम कटकटीचं आहे, हे आधीच सांगते. बाटलीचा ब्रश लागतोच. एप्रिल-मेमध्ये दहीभाताचं काँग तासभर जमिनीवर राहिलं की मुंग्यांची रांग आलीच, आणि वासही सुटतो. आम्ही दोन घेतली आहेत, एक वापरात आणि एक फ्रीझरमध्ये.

जुलैमध्ये सलग चार दिवस पाऊस लागला, फिरणं बंद झालं आणि पक्के दात आलेले असूनही तिने सोफ्याचा कोपरा फाडला. काँग तेव्हाही रोज देत होतो. म्हणजे फिरणं, हुंगणं आणि झोप यांची भरपाई खेळण्याने होत नाही. आता पाऊस असला की जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत दाणे लपवून तिला शोधायला लावते. वीस मिनिटं नाक चाललं की ती आपणहून जाऊन पडते. लहान होती तेव्हाही, संध्याकाळी सर्वात वाईट चावायची त्या दिवशी दुपारची झोप झालेली नसायची. एवढी पिल्लं दिवसातले अठरा-वीस तास झोपतात, आणि आमच्या घरी येणारा प्रत्येक जण तिला उठवून खेळवत होता. मग आम्ही घडीचं जाळीचं कुंपण आणलं आणि दुपारी काँगसह तिला त्यात ठेवू लागलो.

चप्पल गेली तेव्हा बाबा तिच्यावर ओरडले होते. ती कान पाडून कोपऱ्यात गेली आणि आम्हाला वाटलं, हिला चूक कळली. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास नंतर वाचनात आला. कुत्र्याचा तो अपराधी चेहरा त्याने खरंच काही केलंय की नाही यावर ठरत नाही, मालक रागावला की नाही यावर ठरतो. वाचून मला फार वाईट वाटलं. त्यानंतर घरात कोणी ओरडत नाही. तोंडात काही नको ते असलं तर "दे" म्हणून चिकनचा तुकडा पुढे करतो. हिसकावून घेतलं तर पिल्लू पळायला आणि गिळायला शिकतं.

चिंगी आता साडेदहा महिन्यांची आहे. मऊ काँगच्या कडेला बारीक चिरा दिसायला लागल्या तेव्हा ते बाजूला काढलं आणि मोठ्या कुत्र्यांचं लाल काँग आणलं. पक्के दात आल्यावर मऊ रबर बदलायला हवंच. घेताना पिल्लाच्या आजच्या तोंडापेक्षा एक माप मोठं घ्या, लहान माप घशात जाऊ शकतं. बाबांनी नवी कोल्हापुरी घेतली आहे. ती दाराजवळच्या उंच फळीवर असते, आणि संध्याकाळी सात वाजता चिंगी फ्रीजसमोर येऊन बसते.