मोतीबाग की मगन संग्रहालय?

आर्वीकडच्या खेड्यातून एका दिवसासाठी बाहेर पडणाऱ्याला दोन पर्याय आहेत: नागपूरचे मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आणि वर्ध्याचे मगन संग्रहालय.

मोतीबाग 2002 मध्ये सुरू झाले. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची वाफेची इंजिने येथे हात लावण्याइतकी जवळ दिसतात, आणि ज्यांच्या घरी पुलगाव–आर्वी या जुन्या नॅरोगेज गाडीच्या आठवणी अजून निघतात, त्यांना तो रूळ पाहताच आपल्या भागाच्या कापसाची वाहतूक आठवल्याशिवाय राहत नाही. लहान मुले सोबत असतील तर हाच पर्याय बरा; अर्थात उन्हाळ्यात भर दुपारी तापलेल्या लोखंडाजवळ उभे राहण्याची हौस कोणाला असेल, हे सांगवत नाही.

मगन संग्रहालयाचे उद्घाटन 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते झाले. नाव त्यांचे पुतणे आणि खादीचे कार्यकर्ते मगनलाल गांधींचे. येथेही विषय कापसाचाच, पण गाडीत भरून दूर जाणारा नव्हे, तर गावातच पिंजून, कातून, विणला जाणारा. नाना तऱ्हेचे चरखे पाहताना घाई करू नये. वर्ध्याहून सेवाग्रामही जवळच असल्याने, आणि माझ्या मते शेतकरी कुटुंबाला येथे बोलण्यासारखे अधिक सापडत असल्याने, मी प्रथम वर्धाच निवडेन.