मऊ स्विमबेट की जोडांचं कडक?

स्विमबेट म्हणजे पोहणाऱ्या माशासारखं दिसणारं, हलणारं नकली आमिष. त्याचा मोठा अवतार रुजला कॅलिफोर्नियात. तिथल्या तलावांत ट्राउट मासे सोडतात, बास हा शिकारी मासा ते गिळून पोसतो, म्हणून आमिषही ट्राउटएवढं. आपल्याकडे बास नाही. पुण्याच्या आसपास तसाच दबा धरून झडप घालणारा मासा म्हणजे मरळ, आणि त्याच्यासाठी मी डोळे झाकून मऊ स्विमबेट निवडेन.

कारण साधं आहे: मरळ जलपर्णीच्या, गवताच्या कडेला बसतो. चार इंची मऊ आमिषात गळाचं टोक रबरातच लपवता येतं, त्यामुळे ते गवतातून बिनधास्त निघतं. सात फुटी मीडियम-हेवी (मध्यमपेक्षा दणकट) रॉड आणि 30-40 पौंड ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, पुरते. ओढायचं मात्र सावकाश. शेपटीची थरथर हातात जाणवली पाहिजे. ती थांबली की शेपटीला गवत लागलं समजा. मासा लागला की आधी दोर ताणा, मग जोरात हिसका द्या, कारण गळाला रबर फाडून बाहेर यायचं असतं. पावसाळ्यात पिलांचा लालसर थवा वर दिसला, तर खाली आईबाप राखणीला असतात. तिथे आमिष टाकूच नका.

जोडांचं कडक स्विमबेट, म्हणजे कडक तुकडे एकमेकांना जोडून केलेलं, नागमोडी पोहतं, बघत राहावं इतकं सुंदर. पण मोठं असेल तर वजन 50 ग्रॅमच्या वर, हेवी रॉड हवाच, शिवाय तिहेरी गळ उघडे. गवतात पहिल्याच फेकीला अडकेल. धरणाच्या खडकाळ, मोकळ्या काठावर तेवढं वापरा.