स्लो-प्ले की सेमी-ब्लफ? टेक्सास होल्डेम नव्याने खेळणाऱ्यांसाठी

टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार: प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच. समोरच्याला चकवायचे इथे दोन मार्ग बघू. पत्ते भारी असताना थंड बसायचं, तो स्लो-प्ले. पत्ते अजून जुळायचे असताना जोर लावायचा, तो सेमी-ब्लफ. नवख्याने आधी दुसरा शिकावा, असं माझं ठाम मत आहे.

स्लो-प्ले दिसायला फार देखणा. 1988 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या अंतिम लढतीत जॉनी चॅनकडे गुलाम-नव्वी होती आणि फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पत्त्यांत, राणी, दश्शी, अठ्ठी आली. स्ट्रेट (सलग पाच पत्ते) तयार! टर्नवर (चौथ्या पत्त्यावर) दोघांनीही चेक केलं, म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे दिली; रिव्हरवर (पाचव्या, शेवटच्या पत्त्यावर) चॅनने पुन्हा चेक केलं. राणीची जोडी घेऊन बसलेल्या एरिक सायडेलने सगळ्या चिप्स पुढे सारल्या, चॅन जिंकला आणि तिथेच स्पर्धा संपली. पण तिथे समोर एकच खेळाडू होता, तोही स्वतःहून बेट (पैसे) लावणारा. टेबलावर चौघे असतील आणि फ्लॉपवर एकाच रंगाचे (समजा, इस्पिकचे) दोन पत्ते असतील, तर तुमचं चेक म्हणजे समोरच्यांना फुकटचा पत्ता. फ्लशसाठी (एकाच रंगाच्या पाच पत्त्यांसाठी) एकच पत्ता हवा असलेल्याला टर्नवरच तो मिळायची शक्यता सुमारे 19 टक्के असते. शिवाय पॉट, म्हणजे मधे जमलेली रक्कम, लहानच राहतो.

आता 2003 ची अंतिम लढत. ख्रिस मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदाम सत्ती. टर्नपर्यंत समोर इस्पिकची नव्वी, छक्की, अठ्ठी आणि चौकट दुर्री. जोडीसुद्धा नाही, पण कोणतंही इस्पिक, पंजी किंवा दश्शी आली की काम झालं. न दिसलेल्या 46 पत्त्यांपैकी असे 15, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. समोरच्या सॅमी फारहाने बेट लावताच मनीमेकरने रेज केलं, म्हणजे बेट वाढवला. फारहाने तिथेच पत्ते टाकले असते तर उत्तमच. नाही टाकले तरी हे 15 पत्ते पाठीशी होतेच. सेमी-ब्लफची खरी ताकद ही.

रिव्हरला बदाम तिर्री आली. हवा तो पत्ता आला नाही. आता उरला निव्वळ ब्लफ, म्हणजे हातात काही नसताना लावलेला बेट. मनीमेकरने सगळ्या चिप्स लावल्या आणि नव्व्यांची जोडी असूनही फारहाने पत्ते टाकले. या टप्प्यावर हिशेब कडक असतो: अर्ध्या पॉटएवढा ब्लफ तीनातून एकदा चालायला हवा, पूर्ण पॉटएवढा दोनातून एकदा.

चेक-रेज (आधी चेक, समोरच्याने बेट लावला की रेज) स्लो-प्ले आणि सेमी-ब्लफ दोन्हीत चालतं, पण तुमच्या नंतर खेळणारा बेट लावणारच अशी खात्री असेल तरच.

समोरचा प्रत्येक बेट कॉल करत असेल, म्हणजे तेवढेच पैसे लावून खेळात राहत असेल, तर स्लो-प्ले आणि सेमी-ब्लफ दोन्ही सोडा. चांगले पत्ते आले की सरळ मोठा बेट लावा. तो पैसे देणारच आहे.