उंदराला हात लावण्याची भीती : हातमोजे, नळी आणि टब-रॅक वापरून झाल्यावर

साप पाळणाऱ्या पुष्कळ जणांना उंदराला हात लावायची भीती वाटते, आणि मलाही ती चांगलीच वाटत असे. साप सावकाश हलतो, त्याच्या मानेच्या वळणावरून तो पुढे काय करणार याचा अंदाज बांधता येतो. उंदीर मात्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दिशा बदलतो, त्याचे पिवळट-नारिंगी दात समोरच दिसतात आणि त्याची उघडी शेपटी मनगटाला लागली की अंगावर काटा येतो. पायथनच्या, म्हणजे अजगराच्या, खाद्यासाठी लागणारे उंदीर, म्हणजे मोठ्या जातीचे पाळीव रॅट, घरीच वाढवायचे म्हटले की ही भीती बाळगून काम होत नाही, कारण टब साफ करताना, गाभण मादी वेगळी काढताना, पिल्लांतले नर-मादी ओळखताना किंवा एखाद्याच्या श्वासात घरघर आहे का हे ऐकताना जनावर हातात घ्यावेच लागते. या कामासाठी चामडी हातमोजे, नळ्या आणि टब-रॅक, म्हणजे ज्याच्या ओढायच्या खणांत उंदीर ठेवतात अशी मांडणी, ही साधने मी घेतली आणि काही महिने नेमाने वापरली. त्यांपैकी कशाने भीती कमी झाली आणि कशाने झाली नाही, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

हातमोज्यांबद्दल आधी सांगतो, कारण घाबरलेला माणूस सर्वांत आधी तेच विकत घेतो. जाड चामड्यातून दात सहसा आरपार जात नाहीत, एवढा दिलासा खरा. परंतु बोटांची जाण त्यात पार हरवते. उंदराच्या बरगड्या नाजूक असतात. छातीवर दाब पडला की त्याला श्वास घेता येत नाही आणि तो किंचाळून सुटायची धडपड करतो. मोज्यातून आपण किती दाबतो आहोत हे कळत नसल्यामुळे पकड एक तर ढिली राहते, नाहीतर नको तितकी आवळली जाते, आणि दोन्ही वेळी उंदीर बिथरतो. शिवाय आधी हाताळलेल्या जनावरांचा वास चामड्यात मुरून राहतो, आणि अनोळखी नराचा वास दुसऱ्या नराला खपत नाही. मोजे घालून काम केले तोवर माझी भीती जिथल्या तिथेच राहिली, कारण हाताला उंदराची आणि उंदराला हाताची ओळख होण्याचा मार्गच त्यात बंद होता. आता ते मी जखमी किंवा पूर्ण बिथरलेले जनावर धरण्यापुरतेच ठेवले आहेत.

नळीचा उपयोग मात्र अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त झाला. साधारण ९ ते १० सेंटिमीटर व्यासाची, वीतभराहून थोडी लांब अशी जाड प्लास्टिकची नळी प्रत्येक टबमध्ये कायम पडू द्यायची. उंदीर भिंतीच्या कडेने चालणारा आणि बिळात शिरल्यावर निर्धास्त होणारा प्राणी असल्यामुळे तो तिच्यात आपणहून जातो. तो आत गेला की दोन्ही टोकांना तळहात लावायचे आणि नळी आडवीच उचलायची. २०१० साली ‘नेचर मेथड्स’ या नियतकालिकात माइसवरचे, म्हणजे लहान जातीच्या उंदरांवरचे, एक संशोधन प्रसिद्ध झाले. शेपटीने उचललेले उंदीर माणसाचा हात टाळत आणि अधिक धास्तावलेले राहत, तर नळीतून किंवा ओंजळीतून नेलेले उंदीर आपणहून हाताजवळ येत, असे त्यात आढळले. माझ्याकडच्या रॅटच्या बाबतीतही मला तेच दिसले.

पण नळीचा खरा लाभ घाबरणाऱ्या माणसाला होतो. नळीच्या तोंडाशी तळहात धरला की आतला उंदीर आधी मिशा लावतो. त्या विलक्षण वेगाने पुढे-मागे होत असतात आणि त्वचेला जेमतेम जाणवतात. मग ओलसर नाक टेकते, थांबते, पुन्हा टेकते. मग एक पाऊल, चार बोटांचे, गुलाबी, आपल्या हातापेक्षा किंचित उबदार, तळहातावर ठेवले जाते आणि लगेच उचलले जाते. हा स्पर्श सहन होतो, कारण पुढाकार उंदराचा असतो आणि माघार घ्यायची मुभा दोघांनाही असते. काही आठवडे मी याच्या पुढे गेलोच नाही, आणि घाई न केल्याचे मला समाधान आहे. पुढे नळी हळूच तिरकी करून उंदराला हातावर येऊ देणे आणि त्यानंतर थेट टबमधून उचलणे, हे टप्पे फारसे जड गेले नाहीत.

उघड्या हाताने उचलताना हात बिनवासाच्या साबणाने धुतलेला असावा, कारण बोटांना खाण्याचा वास असला तर उंदीर दाताने चाचपून पाहणारच. जाळीतून बोट आत घालू नये. जाळीतून येते ते खाद्य, असे तो शिकलेला असतो. हात वरून न आणता समोरून किंवा बाजूने, खालच्या पातळीवर आणावा, एक तळवा पुढच्या पायांमागे छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली द्यावा. शेपटीच्या टोकाला धरून उचलणे पूर्ण वर्ज्य आहे, कारण तेथील कातडी मोज्यासारखी सोलून निघू शकते.

भीतीचा मोठा भाग उंदराच्या हालचालींचा चुकीचा अर्थ लावण्यातून येतो, असे माझे ठाम मत झाले आहे. लाल डोळ्यांचा पांढरा उंदीर समोर येऊन डोके डावी-उजवीकडे डोलवतो, तेव्हा तो झेप घेणार असे वाटते. वास्तविक त्याची दृष्टी अधू असते आणि डोके हलवून तो अंतराचा अंदाज घेत असतो. दात कराकरा वाजवत डोळे बाहेर-आत करणारा उंदीर पाहून अनभिज्ञ माणूस हात झटकेल, पण शांत बसलेला, अंग सैल सोडलेला उंदीर असे करत असेल तर तो बहुतेक वेळा सुखावलेला असतो. डोळ्यांभोवती आणि नाकाशी दिसणारा लाल डाग रक्ताचा नसतो. ते पॉर्फिरिन नावाचे रंगद्रव्य असते, आणि ते वाढले तर जनावर तणावात किंवा आजारी आहे का हे पाहावे. उंदीर खेळताना ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात, तर धोक्याची हाक २२ किलोहर्ट्झच्या आसपास असते. हे दोन्ही आवाज आपल्या कानांच्या पलीकडचे असल्याने आपल्याला देहबोलीवरच विसंबावे लागते. खरोखर सावध व्हायचे ते अंगावरचे केस फुलवलेला, पाठ उंचावून आडवा सरकणारा, फुस्कारणारा उंदीर दिसल्यावर. ही चिन्हे ओळखता येऊ लागली तसा माझा हात स्थिर होत गेला, आणि हात स्थिर झाला तसे उंदीरही शांत होत गेले.

व्यायलेल्या मादीची गोष्ट वेगळी. पिल्ले झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत एरवी गरीब असणारी मादीही चावू शकते, म्हणून तिला नळीतून दुसऱ्या टबमध्ये न्यावे आणि मगच घरटे पाहावे. हा तिचा दोष मानू नये. परंतु पिल्लांशी संबंध नसताना विनाकारण चावणारा नर किंवा मादी मी पैदाशीसाठी ठेवत नाही, कारण स्वभाव पुढच्या पिढीत उतरतो. रशियातील नोव्होसिबिर्स्क येथे पकडून आणलेल्या रानटी उंदरांच्या एकाच समूहातून १९७२ पासून निवडीने दोन वंश तयार करण्यात आले. एक माणसाला सहज हाताळू देणारा आणि दुसरा माणूस दिसताच हल्ला करणारा. लहान प्रमाणावर घरीही ही निवड करता येते, आणि भित्र्या पालकाला तिच्याइतका टिकाऊ आधार दुसरा नाही.

टब-रॅक जागा वाचवतो आणि साफसफाई सोपी करतो, पण भीतीच्या बाबतीत तो अडचणीचा ठरला. खण ओढताच उजेड आणि हात एकदम वरून येतात, आणि शिकारी पक्षीही वरूनच येतो. म्हणून खण अर्धाच ओढावा, बाजूला हलकेच टकटक करावी, उंदीर हुंगत पुढे आला की मग हात घालावा. खणाच्या कडा कुरतडल्या जातात आणि पाण्याची स्वयंचलित नळी अडकली तर सगळा टब भिजतो, तेव्हा दोन्ही रोज तपासावे लागतात.

चावा बसलाच तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. उंदराच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची लक्षणे साधारण ३ ते १० दिवसांत दिसतात. ताप, पुरळ, सांधेदुखी झाली तर उंदीर चावल्याचे आवर्जून सांगावे, कारण योग्य प्रतिजैविकाने तो बरा होतो. लघवीतील प्रथिनांची ॲलर्जीही होऊ शकते, म्हणून सफाईच्या वेळी मी मास्क लावतो.

भीती गेल्यावर तिच्या जागी माया येते, याची तयारी ठेवावी लागते. मी जिवंत उंदीर सापाला देत नाही, कारण त्यात उंदराचे हाल होतात आणि उंदीर सापाला गंभीर जखमी करू शकतो. म्हणजे मारण्याची जबाबदारी आपल्यावर येते, आणि ती योग्य पद्धत नीट शिकूनच घ्यावी. नवजात पिल्ले कमी ऑक्सिजनमध्ये बराच वेळ तग धरत असल्याने मोठ्यांसाठीची पद्धत त्यांना जशीच्या तशी चालत नाही. हाताला सरावलेले जनावर शेवटच्या क्षणी घाबरत नाही, आणि केवळ एवढ्यासाठीही सगळ्या पिल्लांना हाताची सवय लावणे मला आवश्यक वाटते. हे मनाला झेपणार नसेल त्याने गोठवलेले खाद्य विकत घ्यावे, त्यात कमीपणा नाही.

एक-दोन सापांसाठी तर विकतचेच पुरे. गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा आणि एका वेळी साधारण ८ ते १२ पिल्ले, त्यामुळे दोन माद्यांचेही उत्पादन लवकरच हाताबाहेर जाते. तरीही पैदास करायचीच असेल, तर चार ते सहा आठवड्यांची, माणसाला सरावलेली पिल्ले निवडावीत, नर-मादी पाच आठवड्यांच्या आत वेगळे करावेत, आणि खर्च आधी नळ्यांवर करून रॅकचा विचार हात बसल्यावर करावा.