डीएमएलटीची दोन वर्षं: फी कुठे वसूल झाली, कुठे पाण्यात गेली

रेटिंग: पाचपैकी तीन. त्यातले अडीच एकट्या मॅडमचे.

लातुरात बारावी सायन्स केलेल्या पोरीला जो भेटेल तो एकच विचारतो, ‘नीटचा स्कोअर किती?’ माझा सांगण्यासारखा नव्हता. बीएस्सी करून पुढे काय, याचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं. मग मावसभावाने डीएमएलटीचं, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाचं, नाव काढलं आणि आठवडाभरात एका खाजगी संस्थेत ॲडमिशन झालं. संस्थेचं नाव लिहीत नाही. तशाच पाट्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत, त्यामुळे ती पारखायची कशी हे कळणं जास्त कामाचं.

आधी पाटीबद्दलच. गेटवर मोठ्या अक्षरांत, ‘दोन वर्षांत स्वतःची लॅब’. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्येच स्पष्ट केलंय की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचीच सही लागते. टेक्निशियनने तपासणी करायची, रिपोर्टची जबाबदारी डॉक्टरची. बाबांनी ऑफिसात हे विचारलं, तर सर हसून म्हणाले, ‘अहो काका, सही मिळते, त्याची काळजी करू नका.’ सही कशी ‘मिळते’ ते आता नोकरीत रोज ऐकते, इथे लिहीत बसत नाही. ज्या संस्थेची पाटीच असं बोलते, तिथे फी भरण्याआधी महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलमध्ये त्या कोर्सच्या नावावर नोंदणी होते का, एवढं तरी विचारून घ्या. आमच्या वरच्या बॅचची काही मुलं पास झाल्यावर त्याच कागदासाठी खेटे घालत होती.

फी वर्षाला 50 हजारांच्या आसपास. वर युनिफॉर्म, जर्नल, परीक्षा फी आणि एका लॅबला दिलेली भेट, जिच्यात आम्ही काचेच्या बाहेर उभ्या राहून फोटो काढले.

आता मॅडम. सिव्हिलमधून रिटायर झालेल्या, सुती साडी, गळ्यात चष्म्याची दोरी. वर्गात शिरल्या की पहिलं वाक्य, ‘मशीन बंद पडलंय असं समजा.’ रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेच्या स्लाइडवर रक्ताचा पातळ थर, त्यांनी आमच्याकडून रोज करून घेतला. स्लाइडच्या एका टोकाला छोटासा थेंब घ्यायचा. दुसरी स्लाइड 30 ते 45 अंशांत तिरकी धरायची आणि मागे आणून थेंबाला टेकवायची. रक्त तिच्या कडेने पसरलं की एका दमात पुढे. मध्ये हात थांबला की पट्टा पडला. थेंब मोठा घेतला की रक्त पार टोकापर्यंत जातं आणि वाचायला जागाच राहत नाही. शेवट जिभेसारखा निमुळता यायला हवा आणि पेशी बघायच्या त्या टोकाच्या जरा अलीकडे, जिथे तांबड्या पेशी एकमेकींवर चढत नाहीत. बिघडलेली स्लाइड मॅडम टाकू द्यायच्या नाहीत. ‘आधी सांग काय चुकलं, मग टाक.’

हे सगळं जुनं झालं, आता काउंटर, म्हणजे पेशी मोजणारं मशीन, एका मिनिटात सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) देतो, असं आमच्यातल्या निम्म्या जणींना वाटायचं. आता कामाला लागल्यावरचं सांगते. डेंग्यूचा सीझन, एका काकांचे प्लेटलेट काउंटरने 38,000 दाखवले. घरच्यांची धावाधाव सुरू, आयसीयूची चौकशी. मी स्मिअर काढला, तर स्लाइडच्या कडेला प्लेटलेटचे गुच्छच गुच्छ. काही लोकांच्या रक्तात ईडीटीएमुळे, म्हणजे ट्यूबमधल्या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे, प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या गुच्छाला प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं. त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असतो, म्हणून आलेला आकडा 1.1 ने गुणायचा. काकांचे दीड लाखाच्या वर निघाले. त्या दिवशी आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांनी विचारलं, ‘कुठे शिकलीस?’ मी मॅडमचं नाव सांगितलं, संस्थेचं नाही.

रक्त काढायलाही त्यांनीच शिकवलं, आमच्या एकमेकींच्या हातांवर. शीर डोळ्यांनी शोधायची नाही, बोटाने दाबून बघायची. ट्यूबचा क्रम पाठच होता: आधी सायट्रेट, मग साधी, मग जांभळी ईडीटीए, शेवटी शुगरची करडी. नुसतं पाठ चालत नसे. जांभळ्या ट्यूबमधलं रक्त साध्यात ओतलं तर काय होईल, हे त्या विचारायच्याच. ईडीटीए पोटॅशियमच्या मिठाच्या रूपात असतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये पोटॅशियम भलतंच वाढतं आणि कॅल्शियम पडतं. डॉक्टर घाबरणार, पेशंट बिचारा ठणठणीत.

बाकी विषयांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मायक्रोबायोलॉजी नोट्सवर झालं. टीबीचे जंतू रंगवून बघायचं झेड-एन स्टेनिंग प्रत्यक्ष केलं, तेही मॅडमनी स्वतःहून लावून दिलं म्हणून.

बायोकेमिस्ट्रीचा मात्र मला खरा राग आहे. शुगरसारख्या तपासण्या करणारा सेमी-ऑटो ॲनालायझर होता, प्लास्टिकचं कव्हर घालून. कव्हर निघायचं तपासणीला कुणी येणार असेल तेव्हा. किटच्या खोक्यांवरच्या तारखा बघून तर मी बघायचंच सोडलं. त्याहून वाईट म्हणजे क्यूसी, मशीन बरोबर मोजतंय का याची रोजची तपासणी. रोज सकाळी पेशंटचे सॅम्पल लावण्याआधी कंट्रोल, म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असा नमुना, लावायचा, त्याचा आकडा लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर मांडायचा. तो सरासरीपासून 3 एसडीच्या (एसडी म्हणजे प्रमाण विचलन) बाहेर गेला, किंवा लागोपाठ दोनदा एकाच बाजूला 2 एसडी ओलांडला, की काम थांबवून कारण शोधायचं. लॅबमध्ये दिवस सुरू होतो तो इथूनच. आम्ही तो चार्ट जर्नलमध्ये काढला. आकडे सरांनी फळ्यावर लिहून दिले, सगळे कसे छान मधल्या रेषेच्या आजूबाजूला! नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शुगरचा कंट्रोल वर गेला, तेव्हा मशीनकडे बघू की सीनियरकडे, हेच मला कळेना.

शेवटची इंटर्नशिप एका खाजगी लॅबमध्ये. तिथे आम्ही बारकोड चिकटवले, नावं टाइप केली, दुचाकीवर सॅम्पल आणले. सुईला हात लावू दिला तो सुट्टीवर गेलेल्या पोराच्या जागी. वर त्याचं सर्टिफिकेट, ‘सर्व विभागांत प्रशिक्षण’.

माझ्या बॅचमधल्या मुलींना सुरुवातीला 10 ते 12 हजार मिळाले. घरून ये-जा असेल तर भागतं, पुण्यात खोली घेऊन नाही भागत.

मग घ्यावं का? मार्क बरे असतील तर आधी आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकलचा पदवी कोर्स, बघा. वर्षं जास्त जातात, पण मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातली रांग समोर असते आणि हात तिथेच बसतो. खाजगी डीएमएलटीच घ्यायचं असेल तर ॲडमिशनच्या गर्दीत जाऊ नका. कॉलेज सुरू असताना मधल्या वारी दुपारी जा. लॅबचा फ्रिज उघडून दाखवा म्हणा आणि किटच्या तारखा वाचा. मायक्रोस्कोपच्या 100च्या लेन्सवर तेल ताजं आहे की वाळून धूळ बसलीय, ते बघा. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाहेर चहाला गाठून विचारा, ‘ताई, गेल्या आठवड्यात कुणाचं रक्त काढलंस?’

आमच्याच संस्थेत जाणार असाल तर मॅडम कुठल्या वर्षाला शिकवतात ते आधी विचारा. मी जूनमध्ये धाकट्या बहिणीसाठी चौकशी केली तेव्हा त्या फक्त पहिल्या वर्षाला होत्या, तेही आठवड्यातून तीन दिवस. फी मात्र वाढलीय.